वेळ लिहून ठेवा

मुजतबानं पेचकस काढलाच नाही.
म्हणाला, भाभी, कधी कधी बंद पडतो ते आधी लिहून ठेवा.
आठ दिवस. मग हात लावतो.

म्हणून ही वही,
पोराच्या भूगोलाची, मागून उघडलेली.

सोमवार, सव्वाअकरा. चि. सौ. कां. लिहून झालं, नवरीचं नाव राहिलं.
सोमवार, पावणेबारा. नाव झालं, बापाचं गाव गेलं.
मंगळवार, दोन वाजून दहा. मी काहीच करत नव्हते,
नुसती बघत होते, आणि तो माझ्यासमोर गेला.
बुधवार, तीनदा. तिसऱ्यांदा वेळ लिहायची राहिली.

पत्रिका चारठाण्याच्या लोकांची, मुहूर्त अकरा पस्तीसचा.
त्रिवेणीचं लग्न मी चार वेळा लावलं
आणि चार वेळा अक्षता पडायच्या आत मांडव उठला.

जाऊ म्हणाली, मीठ-मोहऱ्या उतरून टाक.
पोरगं म्हणालं, व्हायरस.
घरचा लाईनमन जेवता जेवता म्हणाला,
माझ्या लाईनला नाव ठेवू नको,
अख्ख्या जिंतुरात ह्या फिडरसारखं व्होल्टेज नाही.

रविवारी कॅबिनेट उघडलं.
आतून निघाली वर्षभराची धूळ, पालीच्या अंड्याचं टरफल,
आणि एक टिकली, माझीच, मरून रंगाची.
प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी वाळलेली, ती खरवडून नवी लावली.
रॅमचे सोनेरी दात पोराच्या खोडरबरानं घासले.
दुकानातून दुसरा एसएमपीएस आणून जोडला.
चाळीस मिनिटं चालला. चहा झाला. सगळे हसायलो होतो.
तेवढ्यात काळा.
मग आपला आपण उठला, टिंग करून,
जसं काही झालंच नाही.
माझ्या ओळखीचा एक माणूस असाच
भांडण अर्ध्यावर टाकून निघून जातो,
परत येतो आणि विचारतो, चहा ठेवलास का?

वहीत न लिहिलेलं तेव्हा सांगितलं.
फरशी पुसल्यावर, ओल्या पायानं,
ह्याला हात लावला की मुंगी चावल्यासारखं होतं.
कधीपासून?
संक्रांतीपासून असंल. मला वाटलं, माझंच अंग कोरडं.
मुजतबानं पत्र्याला टेस्टर लावला. आतला दिवा पेटला, बारीक, लाल.
तो दिव्याकडं नाही, माझ्याकडं बघत राहिला.
ये पहले बोलना था ना, भाभी.

अर्थिंग कुठाय?
आम्ही सगळ्यांनी लाईनमनकडं बघितलं.

मोरीमागं, डाळिंबाच्या बाजूला.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानंच पुरलेली तांब्याची पट्टी,
वर कोळसा, मीठ, कोळसा, मीठ.
उन्हाळ्यात तिथं पाणी घालायचं असतं,
हे तो सगळ्या गावाला सांगत फिरतो.
पण नळ येतो दहाव्या दिवशी.
पिण्याचं, भांड्याचं, कूलरचं, डाळिंबाचं,
नंबर लागत गेले.
पुरलेल्या पट्टीनं कधी हाक मारली नाही.

तो उकिडवा बसला. नट हिरवा पडून सैल झालेला.
पॉलिश पेपरनं वायर घासली, पान्यानं आवळली,
बादली ओतली. माती चुर्र वाजली,
बुडबुडे वर आले, किती तरी वेळ.
मान वर न करता म्हणाला, अजून दे.
मी तांदूळ धुतलेलं पाणी दिलं.

दोष नटाचा होता, मातीचा, का जुन्या एसएमपीएसचा,
मुजतबा आजही नक्की सांगत नाही.
बिल मात्र एसएमपीएसचं लावलं.

त्रिवेणीची पत्रिका छापून गेली.
वहीची सवय गेली नाही.
शनिवार: नळ आला.
मंगळवार: मोरीमागं अर्धी बादली, त्यानं, कुणी न सांगता.
बुधवार: काही नाही.
गुरुवार, चार वाजून दहा: बंद पडला.

पंखाही थांबला होता.
शेजारची गिरणी पण.
तो असंल कुठंतरी खांबावर, बोरी रोडला.
वेळ लिहून ठेवली.